गव्हाणीपुढची रांग

डिसेंबरातली रात्र, अकराचा सुमार. साखर कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरच्या बैलगाड्या मिळून अडीचशे वाहनं उभी होती. ट्रॉलीखाली पोतं अंथरून ड्रायव्हर झोपलेले. बैल सोडून बांधलेले, त्यांच्यापुढे वाढ्याचे पुंजके. आणि तिथून दोनशे पावलांवर मिल पूर्ण दमानं चालू होती, धुराड्यातून धूर निघत होता. मी त्या यार्डात नवा होतो. तिथल्या जुन्या सुपरवायझरना विचारलं, "मिल चालू आहे, ऊस आलाय, मग एवढी वाहनं थांबून का?" ते म्हणाले, "मिल उपाशी राहू नये म्हणून."

पुढे मी सहा हंगाम कारखान्यात काढले, आधी यार्डात आणि नंतर मिल हाऊसमध्ये. त्या उत्तरात अर्धंच खरं आहे हे कळायला त्यातले तीन गेले. उत्पादन व्यवस्थापन नावाचा विषय कॉलेजात शिकताना सूत्रांचा आणि तक्त्यांचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी त्या रात्रीचाच प्रश्न आहे: काय थांबलंय, कुठे थांबलंय, किती वेळ, आणि त्या थांबण्याचे पैसे कोण भरतंय? आपल्याकडे हा प्रश्न दर हंगामात लाखो लोकांच्या अंगावरून जातो, म्हणून मी तो उसाच्या भाषेतच मांडणार आहे. मोटारीच्या, औषधाच्या किंवा बिस्किटाच्या कारखान्यातही गणित हेच असतं. फक्त तिथला माल इतक्या उघड्यावर वाळत नाही.

आधी वाट पाहून घेऊ. ऊस तुटतो, मोळ्या बांधल्या जातात, गाडी भरते. गाडी यार्डात येते, नंबर लागतो, काट्यावर वजन होतं, गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी, ऊस पडतो. कटर आणि फायबरायझर त्याचा भुसा करतात. मग एकामागोमाग चार-पाच मिल, प्रत्येकीत तीन मोठे रोलर, आणि त्यातून निघालेला रस. उरलेला चोथा म्हणजे बगॅस, उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के, तो जळण म्हणून बॉयलरकडे जातो. रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडून तो निवळतात, इव्हॅपोरेटरमध्ये आटवतात, पॅनमध्ये त्याचे दाणे धरतात, सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी वेगळी होते आणि साखर पोत्यात पडते.

ही एक साखळी आहे, आणि तिच्यातली कुठलीही कडी स्वतःपुरती चालत नाही. मिल थांबली की बगॅस थांबतो. बगॅस थांबला की बॉयलरचं प्रेशर उतरतं. प्रेशर उतरलं की टर्बाइन, पॅन, सगळंच धापा टाकतं. म्हणून बॉयलरच्या बाजूला बगॅसचा ढीग राखून ठेवलेला असतो. एक कडी अडखळली तरी दुसरी लगेच पडू नये म्हणून मध्ये ठेवलेल्या अशा साठ्याला बफर म्हणतात. बफर कुठे असावा आणि केवढा असावा, या विषयातले निम्मे वाद त्यावरूनच होतात.

कारखान्याचा ठेका

रोज ५००० टन ऊस गाळणारा कारखाना धरू. २४ तासांनी भागलं तर तासाला साधारण २०८ टन, मिनिटाला साडेतीन टन. उत्पादन व्यवस्थापनात याला टॅक्ट म्हणतात. मूळ शब्द जर्मन आहे, अर्थ संगीतातला ठेका. पुढच्या टप्प्याला माल किती वेगानं लागतो तो कारखान्याचा ठेका, आणि बाकी सगळ्यांनी त्याच लयीत हात चालवायचे.

आता हा ठेका शेतातून पाहा. नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे एक कोयता म्हणतात. पहाटे थंडीत निघून दिवसभर तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून, गाडी भरून एक कोयता दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस देतो. तो दोन टन ऊस गव्हाण ३५ सेकंदांत गिळते. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो होतो. मिल २४ तास भरलेली ठेवायची तर असे २५०० कोयते, म्हणजे ५००० माणसं, रोज शेतात हवीत. गव्हाणीवर उभं राहिलं की कारखाना म्हणजे यंत्रं वाटतात. खरं तर त्याची निम्म्याहून जास्त उत्पादन व्यवस्था ५०-६० किलोमीटरच्या परिसरात फडात वाकून काम करत असते.

क्षमतेबद्दल आणखी एक. कारखान्याची दैनंदिन गाळप क्षमता मोजताना पूर्वापार दिवस २२ तासांचा धरतात. दोन तास कुठेतरी जाणारच हे गृहीत धरूनच आकडा ठरतो. कागदावरची क्षमता आणि हातात येणारी क्षमता या दोन गोष्टी आहेत, हे ज्यानं हा नियम केला त्याला चांगलं माहीत होतं. गाळपाच्या रोजच्या अहवालात वाया गेलेले तास कारणासह लिहावे लागतात: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, नो केन (म्हणजे ऊसच नाही), क्लिनिंग. व्यवस्थापन शिकायचं असेल तर त्या अहवालातला हा स्तंभ आधी वाचावा, किती टन गाळप झालं ते नंतर.

एका ओळीचा नियम

१९६१ साली जॉन लिटल या अमेरिकी संशोधकानं एक नियम सिद्ध केला. रांगेत सरासरी किती जण आहेत = दर तासाला किती जण आत येतात × एक जण सरासरी किती तास थांबतो. एवढंच. दुकान असो, दवाखाना असो की टोलनाका, नियम लागू पडतो. अट एकच, व्यवस्था बऱ्यापैकी स्थिर हवी.

यार्डाला लावून पाहू. गाडीमागे सरासरी १५ टन धरले तर ५००० टनांसाठी दिवसाला ३३३ गाड्या, तासाला सुमारे १४. यार्डात सरासरी २५० गाड्या असतील तर प्रत्येक गाडी १८ तास थांबणार. घड्याळ लावायची गरज नाही, गाड्या मोजल्या की झालं. यार्डात ८० गाड्या ठेवल्या तर थांबणं पावणेसहा तासांवर येतं. मिल तेवढाच ऊस गाळते, रस तेवढाच निघतो. कमी होतो तो फक्त उभ्या गाड्यांचा वेळ.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो इथे. मिलचा वेग वाढवून रांग कमी होईल असं सगळ्यांना वाटतं, आणि त्यासाठी कोट्यवधींची यंत्रं येतात. पण थांबण्याचा वेळ कमी करायचा दुसरा रस्ता जवळजवळ फुकट आहे: आत कमी माल सोडायचा.

थांबण्याची किंमत कोण मोजतं?

ऊस तुटला की तो लाकडासारखा पडून राहत नाही. तो वाळतो, वजन घटतं. आतल्या साखरेचं विघटन सुरू होतं, दाणा न धरणारे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, त्यातले काही डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ करतात. तो रस गाळायलाही त्रास देतो आणि पॅनमध्ये दाणा धरायलाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सगळं आणखी वेगानं होतं, जळीत उसात तर विचारूच नका. म्हणून तुटल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावं असं सांगतात.

आता हिशेब नीट लावा. वजन सहसा यार्डातलं थांबणं संपल्यावर, काट्यावर होतं. म्हणजे फडात, रस्त्यात आणि यार्डात वाळून गेलेलं वजन शेतकऱ्याच्या खात्यातून गेलं. तोडणी मजुरी आणि वाहतूक टनावर असते, म्हणून थोडं त्यांच्याही खात्यातून गेलं. साखरेची घट मात्र उताऱ्यात, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्या आकड्यात, दिसते. ५००० टनांच्या कारखान्यात उतारा फक्त ०.१ टक्क्यानं घसरला तर रोज ५ टन साखर, म्हणजे ५० किलोची १०० पोती कमी. १२० दिवसांत १२,००० पोती. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, तोही उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. यार्डातल्या रांगेचं बिल असं हळूहळू सगळ्यांच्या घरी पोचतं. फक्त त्यावर 'रांगेमुळे' असं कुठे लिहिलेलं नसतं.

मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात असाच माल पिंजऱ्यांत भरून मशीनशेजारी पडून असतो. तो वाळत नाही, म्हणून कुणाला टोचत नाही. पण त्यात भांडवल अडकतं, जागा अडते, आणि एखाद्या मशीनचं सेटिंग बिघडलं असेल तर पाचशे नग खराब निघाल्यावर ते कळतं. उसाचं बरं असं की तो डोळ्यांदेखत वाळतो, खोटं बोलत नाही.

वाहतूकदाराचं दुःख वेगळं. दिवसाला दोन खेपा होणाऱ्या ट्रॅक्टरची यार्डात थांबून एकच खेप होते. खेपा कमी झाल्या की ऊस कमी येतो, म्हणून कारखाना आणखी वाहनांचे करार करतो. वाहनं वाढली की रांग वाढते, रांग वाढली की खेपा आणखी घटतात. हे चक्र मी एका हंगामात पुरतं फिरताना पाहिलंय. वाहनं वाढली, गाळप होतं तेवढंच राहिलं. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या बिलातूनच वजा होतो.

मग रांग शून्यच का करत नाही?

सुपरवायझरांच्या उत्तरातलं अर्धं खरं ते इथे येतं. मिल २४ तास चालते, तोड दिवसाच होते. सकाळी तोडलेला ऊस भरून गाड्या दुपारनंतर येऊ लागतात, रात्रीपर्यंत येतात, पुढे दुसऱ्या दुपारपर्यंत आवक अगदी तुरळक. त्या बारा तासांसाठी २५०० टन, म्हणजे १६७ गाड्या रात्री यार्डात हव्यातच. वेळेच्या फरकामुळे लागणारा हा साठा आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यावर थोडा ऊस अडीअडचणीसाठी: एखाद्या रस्त्यावर पाऊस झाला, ट्रॉली उलटली, गावात जत्रा म्हणून तोडणीची टोळी गेली. या दोन्हींच्या वर जे उभं असतं ते नियोजनाचं अपयश. रात्री अकराला २५० गाड्या होत्या ना? त्यातल्या वरच्या ८० मधल्या बहुतेक आमच्या चुकीच्या होत्या.

अनिश्चितता आणि रांग यांचं नातं मात्र बहुतेकांना चकवतं. रांगांच्या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र घ्या, जिथे गाड्या आपापल्या वेळेला, कशाही येतात. यंत्र क्षमतेच्या ८० टक्के वापरात असेल तर तिथे सरासरी ४ गाड्या सापडतील. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९. ९९ टक्क्यांना ९९. खरा यार्ड एवढा साधा नसतो, पण चढणीचा आकार हाच असतो. वापर ९० वरून ९५ वर नेला की काम थोडंच वाढतं आणि रांग दुप्पट होते. 'प्रत्येक मशीन, प्रत्येक माणूस शंभर टक्के कामात दिसला पाहिजे' असा आग्रह धरणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या विभागात माल सगळ्यात जास्त पडून असायचा. थोडी मोकळीक हा आळस नाही. अडचण आल्यावर सावरायला लागणारी जागा असते ती.

ती जागा नसली की काय होतं ते सांगतो. माझ्या दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, तीन नंबरच्या मिलचा शाफ्ट तुटला. रात्री दहापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत, १४ तास मिल बंद. फिटर लोकांनी जिवाचं रान केलं. त्यांच्या कामात काही खोट नव्हती. पण मिल बंद आहे हा निरोप सकाळी फडात कुणी पोचवलाच नाही. तोड नेहमीसारखी झाली, गाड्या नेहमीसारख्या भरल्या. १४ तासांचा म्हणजे सुमारे २९०० टन ऊस जास्तीचा येऊन उभा राहिला. मिल दामटून चालवली तरी दिवसाला ५२५० टन, रोजची आवक ५०००. म्हणजे मागचा साठा दिवसाला २५० टनांनीच कमी होणार. एका रात्रीच्या बिघाडाची रांग मोडायला १२ दिवस लागले. त्या बारा दिवसांत आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचा ऊस त्या शाफ्टसाठी थांबला, ज्यांनी तो शाफ्ट कधी पाहिलाही नव्हता. एका दिवसाची तोड निम्मी केली असती तर रांग दोन दिवसांत मोडली असती. माझ्या मते त्या वर्षीची सगळ्यात महाग चूक शाफ्टची नव्हती, न गेलेल्या निरोपाची होती.

अडलेली जागा सरकते

साखळीत सगळ्यात अरुंद जी कडी, तीच सगळ्या कारखान्याचा वेग ठरवते. बाटलीच्या मानेसारखी. इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट हे मुळात भौतिकशास्त्राचे अभ्यासक, त्यांनी १९८० च्या दशकात यावर आख्खी विचारपद्धत उभी केली. अरुंद जागा शोधा, तिचा एक मिनिटही वाया जाऊ देऊ नका, बाकीच्यांना तिच्या वेगानं चालवा, मग गरज पडली तर पैसा घालून ती रुंद करा. आणि ती रुंद झाली की पुन्हा शोधा, कारण आता दुसरीच कडी अरुंद ठरलेली असते. यातलं तिसरं पाऊल माणसांना सगळ्यात जड जातं. आपलं मशीन धावू शकत असताना मुद्दाम हळू चालवायचं, हे मनाला पटत नाही.

साखर कारखान्यात अरुंद जागा म्हणजे मिल असं सगळे धरून चालतात. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ते खरंही असतं. पण इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत हळूहळू थर बसत जातो. बोअरचं पाणी तापवून तापवून पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो ना, तसाच. थर वाढला की उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही, रस हळू आटतो, टाक्या भरतात, आणि मिल हाऊसला फोन येतो: जरा कमी करा. मिल धडधाकट असते. अरुंद जागा तिच्याकडून निघून इव्हॅपोरेटरकडे गेलेली असते. अशा वेळी मिलच्या रोलरवर खर्च करणं म्हणजे पाय दुखत असताना हाताला मलम लावणं.

थर काढायचा तर गाळप थांबवून जनरल क्लिनिंग करावं लागतं. कॉस्टिक सोडा उकळून, नळ्या घासून परत सुरू करेपर्यंत समजा १८ तास गेले. ५००० टनांच्या हिशेबानं ३७५० टन गाळप बुडालं. मग क्लिनिंग किती दिवसांनी करायचं? समजा थरामुळे गाळप रोज आदल्या दिवसापेक्षा २० टनांनी उतरत जातं. दर १० दिवसांनी साफ केलं तर बंदमुळे दिवसाला सरासरी ३७५ टन आणि थरामुळे १०० टन, मिळून ४७५ टन बुडतात. ३० दिवस ढकललं तर बंदचे १२५ आणि थराचे ३००, मिळून ४२५. १९ दिवसांनी केलं तर साधारण १९७ आणि १९०, मिळून ३८७. दोन्ही तोटे जिथे सारखे होतात तिथे एकूण तोटा सगळ्यात कमी. माल एका वेळी किती मागवायचा किंवा किती बनवायचा, याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्यानं १९१३ साली दिलं, तेही याच आकाराचं आहे. ऑर्डर देण्याचा खर्च एका पारड्यात, माल साठवण्याचा दुसऱ्यात. किराणा दुकानदार हेच रोज मनातल्या मनात करतो.

आणि या गणितातला मला सगळ्यात आवडणारा भाग: १९ दिवसांऐवजी १६ किंवा २२ दिवसांनी केलं तरी फरक दिवसाला दहा टनांच्या आतच राहतो. तळ उथळ असतो. म्हणून नेमका १९ वा दिवस धरून बसू नये. सणाची सुट्टी किंवा टोळ्यांचा खाडा त्या आसपास येत असेल तर क्लिनिंग त्याच दिवशी घ्यावं. ज्यानं अचूक दिवसासाठी भांडण केलं त्याला सूत्र पाठ आहे, पण समजलेलं नाही.

चिठ्ठी

१९५० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाचे ताइइची ओनो अमेरिकी सुपरमार्केटचा विचार करत होते. गिऱ्हाईक फळीवरून वस्तू उचलतं, आणि जेवढी उचलली तेवढीच मागून भरली जाते. त्यांनी कारखान्यात तेच केलं. पुढच्या टप्प्यानं माल उचलला की एक कार्ड मागच्या टप्प्याकडे जातं. कार्ड आलं तरच माल बनवायचा, नाही आलं तर हात थांबवायचे. हे कार्ड म्हणजे कानबान. मागून ढकलण्याऐवजी पुढून ओढणारी पद्धत.

आपल्या ऊस पट्ट्यात कानबान फार पूर्वीपासून आहे, आपण त्याला तोडणी चिठ्ठी म्हणतो. लागणीची नोंद होते. आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, वर खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. त्या क्रमानं आणि उसाच्या पक्वतेनुसार शेतकी विभाग तोडणी कार्यक्रम लावतो. चिटबॉय चिठ्ठी देतो, मग टोळी फडात उतरते. चिठ्ठीशिवाय कोयता लागत नाही. मुळातली कल्पना किती चांगली आहे पाहा: उभा ऊस हा साठाच आहे, पण जिवंत साठा, तो लगेच नासत नाही. तोडलेला ऊस तासातासाला उतरतो. म्हणून वाट पाहायचीच असेल तर ती उभ्या उसानं पाहावी, गाडीतल्या उसानं नाही. अर्थात उभ्या उसालाही मर्यादा आहे. तुरा येतो, कांडी पोकळ पडते, पुढचं पीक लांबतं. पण ते आठवड्यांचं गणित आहे, यार्डातलं तासांचं.

घोळ होतो तो चिठ्ठी यार्डापासून तुटते तेव्हा. किती चिठ्ठ्या फाडायच्या हे यार्डात किती गाड्या आहेत त्यावर ठरायला हवं. प्रत्यक्षात ठरतं ते कुणाचा फोन आला, कुणाचा फड आधी न्यायचा, कुठल्या गटाला 'अजून तोड नाही' म्हणून राग आलाय त्यावर. मग दोनशेच्या जागी तीनशे चिठ्ठ्या जातात आणि प्रत्येकाला वाटतं आपला ऊस गेला. तो गेलेला नसतो. फडात उभा होता, तो आता यार्डात आडवा झालेला असतो. शेतकऱ्याची घाई मला पूर्ण समजते. वर्षभराचं एकच पीक, त्यावर घर, लग्न, कर्ज. पण लवकर मिळालेली तोड आणि लवकर झालेलं गाळप या दोन गोष्टी आहेत, हे कारखान्यांनी शेतकऱ्याला आकडे दाखवून सांगायला हवं. यार्डातल्या गाड्यांचा आकडा रोज संध्याकाळी गावागावांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तरी बराच फरक पडेल.

गुणवत्तेबद्दल थोडक्यात. पाचट, वाढे, माती मोळीत आली की मिल ती इमानदारीनं चिरडते, आणि बगॅस जाताना रस सोबत घेऊन जातो. ऊस जमिनीलगत तोडला नाही तर सगळ्यात गोड बुडखा रानातच राहतो. प्रयोगशाळेत कितीही तपासण्या केल्या तरी तो बुडखा परत येत नाही. गुणवत्ता जिथे घडते तिथेच सांभाळावी लागते, आणि इथे ती कोयत्याच्या पात्यावर घडते. म्हणून जो कारखाना टोळीला फक्त टनावर पैसे देतो आणि स्वच्छ तोडीला काहीच वेगळं देत नाही, त्याला मोळीत पाचट का येतं असं विचारायचा हक्क नाही. कॅरिअरवर, म्हणजे ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, लोहचुंबक टांगलेलं असतं, कारण कधीतरी मोळीत राहिलेला कोयता आत येतो आणि रोलरचे दात जातात. मी तो चुंबकाला चिकटलेला पाहिलाय. लाकडी मूठ, मुठीला गुंडाळलेलं लुगड्याचं काठ. कुणाचं तरी हत्यार हरवलं होतं.

आता हार्वेस्टर येतायत. टोळ्या मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय, एप्रिलकडे झुकताना मजूर गावी निघतात आणि अरुंद जागा मिलकडून थेट फडात जाते, तेव्हा यंत्राला पर्याय नाही हे खरं. पण हार्वेस्टर ऊस अख्खा ठेवत नाही, त्याचे वीतभर तुकडे करतो. अडीच मीटरच्या अख्ख्या उसाला कापलेली टोकं दोन. त्याच उसाचे १२ तुकडे झाले की टोकं २४, आणि प्रत्येक टोक म्हणजे जिवाणूंना उघडं दार. हा ऊस हातानं तोडलेल्या उसापेक्षा लवकर खराब होतो. तो जुन्या रांगेत १८ तास उभा केला तर यंत्रानं वाचवलेलं सगळं यार्डात जाईल.

आमच्या शेजारच्या एका कारखान्यानं यंदा हार्वेस्टरच्या गाड्यांसाठी वेगळी ओळ आखली आहे. चुन्याच्या फक्कीनं आठ गाड्यांपुरतीच जागा, नववीला जागाच नाही. ओळ भरली की काट्यावरचा मुलगा फडातल्या ऑपरेटरला फोन लावतो आणि एवढंच सांगतो, "दादा, थांबवा."